समोरच्या बाजूचं म्हणणं असं की

२ मार्च

चि. सौ. भोंगाबाईस,

दादाचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. तुझी वहिनी माझ्याशी कमी आणि माझ्याबद्दल जास्त बोलते, तेही पूर्वीसारखंच.

काल जावईबुवांचा एका ओळीचा निरोप आला, की हिला फोन करू नका, पत्र टाका. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. अगं, मला पत्र लिहायला सांगणं म्हणजे म्हशीला जिना चढायला सांगणं. दुसऱ्याचे भोंगे खांद्यावर वाहून, खांबांवर चढून, वायरी सोलून हा हात तयार झालाय. आज स्वतःची ध्वनिमुद्रणाची खोली आहे, दारावर पाटी आहे, पण अक्षर अजून खांबावर चढल्यासारखंच येतं. सांभाळून घे.

रविवारी आमच्या खोलीत सरांची धर्मचर्चा नेहमीसारखी झाली. सर मध्यस्थाच्या खुर्चीत, डावीकडे एका धर्माचा काळा कोट, उजवीकडे दुसऱ्याचा पांढरा सदरा, आणि ऐकणारी दुनिया आपापल्या फोनला कान लावून. फक्त वाचायला तू लाइनवर नव्हतीस. सरांनी जाहीर केलं की वाचकबाईंना सर्दी झाली आहे. लोकांनी मान डोलावली. मी नाही डोलावली. तुझी सर्दी मला तू शिंकायच्या आदल्या दिवशी ऐकू येते. लहानपणी तू रडायला लागलीस की सगळी आळी दारात यायची, तेव्हापासून हा गळा माझ्या कानात बसलाय. त्याला काही झालेलं नाही. झालंय ते दुसरंच.

जावयांशी भांडण? सासऱ्यांची तब्येत? काय असेल ते लिही. वाईट असेल तर आधी लिही.

तुझ्या आवाजावाचून कान ओस पडलेला,
दादा


६ मार्च

ती. दादास,

सा. न. वि. वि. तू रागावू नकोस. मी फोन बंद ठेवलाय, कारण मला आता बोलायचीच भीती वाटते. आवाज कापला तर कुणाला कळत नाही. कागद कापला तर कापलेला दिसतो. म्हणून पत्र.

सगळं सुरुवातीपासून सांगते. सरांच्या चर्चेची रीत तुला माहीत आहेच. एक जण बोलायच्या आधी दुसऱ्याचं म्हणणं पूर्ण वाचून दाखवायचं, काना-मात्रा न बदलता, आणि मगच त्याने ते खोडायचं. वाचणारी व्यक्ती दोघांपैकी कुणाचीच नको म्हणून सरांनी मला घेतलं. मलाही ते फार आवडलं होतं. भांडण करायचं तर निदान समोरच्याचं नीट ऐकून करावं, असं मला वाटायचं. अजूनही वाटतं.

मी नव्हते त्याच्या आधीच्या रविवारी पांढऱ्या सदऱ्याकडून एक चिठ्ठी आली होती. त्यात पानाचा आकडा देऊन होतं की यहुद्यांच्या ग्रंथात लिहिलंय, परक्याला फसवलं तर पाप लागत नाही. मागे दुकानात सासरे, आमचे पप्पा, चष्म्याच्या काचा घासत होते. पण मी स्वतःला समजावलं, की हे खोडण्यासाठीच वाचायचं आहे. मी नेहमीसारखं म्हटलं, समोरच्या बाजूचं म्हणणं असं की, आणि चिठ्ठी वाचली. वाचून झालं की घरातला आवाज जाऊ नये म्हणून तुमच्याकडून माझी लाइन बंद करतात, तशी केली, म्हणून पुढचं उत्तर मला ऐकू आलं नाही.

चार दिवसांनी यांच्या फोनवर माझा आवाज आला. एका अनोळखी माणसाने पाठवलेला. समोरच्या बाजूचं म्हणणं असं की, एवढं कापलेलं. मागचं उत्तरही नाही. उरलंय फक्त माझं वाक्य, स्पष्ट, शांत, सावकाश. वर लिहिलंय, यहुद्यांच्या घरची सूनच सांगते आहे, आता तरी ऐका. सरांनी पहिल्या चर्चेत कौतुकाने माझी ओळख चष्मेवाल्यांची सून म्हणून करून दिली होती ना, तेवढं लोकांना पुरलं. दुकान शोधायला वेळ लागला नाही.

दादा, पप्पांनी ते ऐकलं. ज्या माणसाने मी परक्या घरातून आले तेव्हा सगळ्यांच्या आधी मला मुलगी म्हटलं, त्यांनी माझ्या तोंडून ते ऐकलं. मी सगळं समजावून सांगितल्यावर त्यांनी डोक्यावर हात ठेवला. पण त्यांनी ते पुन्हा एकदा लावून ऐकलं, हे मी दाराआडून पाहिलं.

माझं एकच मागणं आहे. सरांनी त्याच संध्याकाळी ती अख्खी चर्चा नेटवरून उतरवून टाकली, का ते कळलं नाही. पण मूळ मुद्रण तुझ्या यंत्रात असेलच. ते सरांना पूर्ण लावायला सांग. माझी सुरुवात आणि काळ्या कोटाचं उत्तर, दोन्ही लोकांनी ऐकलं की आम्ही सुटलो.

वहिनीला नमस्कार. तुझी माया अशीच सलग राहू दे, मध्येच तुटू देऊ नकोस.
तुझी,
भोंगा (सध्या बंद)


१० मार्च

चि. भोंगाबाईस,

आशीर्वाद. पत्र वाचून वहिनीने पहिल्यांदा मला न रागावता चहा दिला, यावरून प्रकरण किती गंभीर आहे ते ओळख.

त्या रविवारी मी नव्हतो गं. एका सभागृहात भिंतीत कर्णे बसवायचं काम होतं, खोली माझ्या माणसाने सांभाळली. नाहीतर तिथेच कान टवकारले असते.

सरांच्या घरी गेलो. त्यांनी बसवलं, पाणी दिलं, चष्मा पुसला. चष्मा तुझ्या सासऱ्यांनीच केलेला, मागे मीच पाठवून दिला होता. म्हणाले की फार वाईट झालं, फार म्हणजे फारच. मग म्हणाले की अख्खी चर्चा लावण्यात धोका आहे, दोन्ही बाजूंचे लोक आपल्यावर उलटतील. आपला विषय दोन धर्मांचा, हा तिसरा मध्येच आला, त्याला आपण जास्त महत्त्व देऊ नये. चार दिवस जाऊ द्यावेत. आणि त्या वेळी ते फोन घ्यायला खोलीबाहेर गेले होते, त्यामुळे काय उत्तर झालं ते त्यांनाही नीट आठवत नाही.

सर गोड बोलतात. मी धंद्यात गोड बोलणारी पुष्कळ माणसं पाहिली आहेत, त्यांच्याकडून माझे भोंगे परत यायला नेहमी उशीर होतो. तरी मी उठून आलो, कारण माणूस जुना आहे.

तोवर माझं एक ऐक. दुकानावर शनिवारी बंद अशी जी पाटी आहे, ती काही दिवस उतरवून ठेव. बंद ठेवायचं तर ठेवा, पाटी कशाला? कुणाच्या डोळ्यांत यायला नको. मी धंदेवाला माणूस, धंदेवाल्यासारखं सांगतोय.

मूळ मुद्रण शोधतोच. यंत्रात रविवार भरपूर साठलेत.

काळजी करण्याचं काम माझ्याकडे दे, तू खा-पी.
दादा


१४ मार्च

ती. दादास,

सा. न. वि. वि. पाटी उतरवली. तिच्यामागे भिंतीचा रंग नवाच्या नवा निघाला, चौकोनी, पाटीपेक्षा जास्त दिसणारा. येणारा जाणारा आता तिथेच बघतो.

तुला घाबरवायचं नव्हतं, पण न लिहून राहवत नाही. मंगळवारी एक माणूस डोळे तपासायला आला. पन्नाशीचा, कपडे नीटनेटके, बोलणं अदबीचं. आतली तपासणीची खोली तू पाहिली आहेस. लांबट, खिडकी नसलेली, एका टोकाला खुर्ची, दुसऱ्या टोकाला दिव्याखाली अक्षरांचा तक्ता. पप्पांनी त्याच्या नाकावर काचांची चौकट चढवली. मी तक्त्याजवळ पट्टी घेऊन उभी होते. पप्पांनी दिवा मालवला, तक्त्यावरचा तेवढा राहिला. मी पट्टी पहिल्या ओळीवर ठेवली.

त्याने अक्षरं वाचली नाहीत. त्याने माझं वाक्य म्हटलं. यहुद्यांच्या ग्रंथात लिहिलंय, इथपासून शेवटपर्यंत, माझ्याच चढउतारात, मी जिथे थांबले होते तिथे थांबून. किती वेळा ऐकलं असेल त्याने! मी पट्टी दुसऱ्या ओळीवर नेली, का नेली कुणास ठाऊक, हाताला सवय. त्याने तेच वाक्य परत म्हटलं. मग चौकट काढून खुर्चीवर ठेवली, पप्पांना सांगितलं की छान स्पष्ट दिसतंय, आणि निघून गेला. दार त्याने हळू लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

पप्पा चौकट पुसत बसले. जेवताना म्हणाले की चिठ्ठीत दिलेल्या आकड्याचं पान त्यांनी ग्रंथात काढून पाहिलं. तिथे सापडलेली वस्तू मालकाला कशी परत करायची त्याची चर्चा आहे, फसवण्याचं नावही नाही. मग हेही म्हणाले, की मी काही पंडित नाही, आणि हे सांगायचं तरी कुणाला.

हे म्हणताहेत, घर बदलू. रात्री मला ऐकू जाऊ नये म्हणून हळू बोलतात, पण मी तुझीच बहीण. मी दुकानात तोंड उघडत नाही. गिऱ्हाइकाला खुणेने दाखवते. एका म्हातारीला मी मुकीच वाटले, तिने माझ्यासाठी प्रार्थना करीन म्हणून सांगितलं. त्यावर हसू आलं, तेवढंच.

मुद्रण मिळालं का? ते उत्तर लोकांनी ऐकणं आता फार गरजेचं आहे, दादा. माझी सगळी भिस्त त्या उत्तरावर आहे.

तुझ्या पत्राची वाट दारात नाही, दाराआड उभी राहून बघते.
तुझी,
छोटी


१८ मार्च

चि. छोटीस,

आशीर्वाद. हे पत्र मी दोनदा फाडलं. तिसऱ्यांदा वहिनी शेजारी बसली आहे, फाडू देत नाही.

मुद्रण मिळालं. दार लावून, कानांवर जाड हेडफोन चढवून ऐकलं. तुझी सुरुवात त्यात आहे, समोरच्या बाजूचं म्हणणं असं की, स्वच्छ. तेवढं त्यांनी कापलं, हे खरं.

पण शेवटी काही कापलेलं नाही. उत्तर नाहीच, छोटी. कुणी दिलंच नाही.

माझा विश्वास बसेना. कापलेल्या जागी खोलीचा सूर बदलतो, एसीची घरघर अडखळते. मी पुन्हा पुन्हा मागे जाऊन तो अडखळा शोधला, सापडावा म्हणून शोधला. घरघर सलग आहे. तुझी लाइन बंद झाल्यावर काळा कोट म्हणतो, की आम्हाला त्यांच्या पंगतीत बसवू नका, त्यांच्याबद्दल आपलं दोघांचं दुमत नाही. त्यावर हशा. मग सर म्हणतात, चला, एका तरी मुद्द्यावर एकमत झालं, आता पुढचा मुद्दा. आणि त्यांचं ते नाकातल्या नाकातलं हसू, जे मी कुठल्याही गर्दीतून ओळखीन. खोलीबाहेर गेले होते म्हणे!

एकमेकांची तोंडं न बघणारी दोन माणसं, आणि तिसरा मध्यस्थ. सगळ्यांना मिळून एकदा हसायला मिळालं ते तुमच्यावर. अख्खी चर्चा लावून तुमचं काही सुटणार नाही. म्हणूनच सरांनी ती उतरवली.

मला आधी वाटलं हे तुला सांगूच नये. मग वाटलं, तुझ्याशी एवढे लोक गप्प बसलेत, त्यात माझी भर नको. आणि ती पाटी उतरवायला सांगितली ते माझं चुकलं. परत लाव.

आता दोन गोष्टी. एक, तुम्ही सगळे इकडे या. वरची खोली रिकामी आहे, फक्त जुने कर्णे हलवावे लागतील. दुसरी, सरांना अजून वाचक मिळालेला नाही. काल फोन करून मलाच कुणी आहे का विचारत होते. मी त्यांना सांगितलं, की आवाज घोगरा चालणार असेल तर मीच वाचतो. फार खूश झाले.

रविवारी ऐक.
दादा


२१ मार्च

दादा,

हे पत्र माणसाच्या हाती पाठवतेय. काहीही करू नकोस. तुला वाटतं तुझ्या बोलण्याने ते ओशाळतील. ते ओशाळणारे नाहीत. ते तुझा पत्ता शोधतील, आणि तुझा पत्ता तर पाटीवरच आहे. वहिनी दिवसभर घरात एकटी असते. आमचं जे व्हायचं ते होईल, तुझं तरी घर शाबूत राहू दे. तू सगळं खांबावर चढून कमावलंस.

माझी शपथ घालते.
छोटी


२५ मार्च

चि. छोटीस,

आशीर्वाद. शपथ पोचली. पोचायला जरा उशीर झाला असं समज, आम्ही दोघांनीही तसंच समजायचं ठरवलंय. वहिनी मला म्हणाली की तुझ्या बहिणीची शपथ मी माझ्या डोक्यावर घेते, तू जा.

काल काय झालं ते ऐकलं असशील, नसशील तर सांगतो. सर, काळा कोट, पांढरा सदरा, सगळे आपापल्या जागी. मला पहिली चिठ्ठी दिली. मी ती पालथी ठेवली आणि म्हटलं, समोरच्या बाजूचं म्हणणं असं की. मग तुझं तेच वाक्य. पण मी बारा गावचं पाणी प्यायलेला माणूस, कापणाऱ्याला सोपं जाऊ देतो होय? यहुद्यांच्या ग्रंथात, असं हे म्हणतात, परक्याला फसवलं तर, असं हे म्हणतात, पाप लागत नाही, असं हे म्हणतात. कापा म्हणावं आता कुठे कापता ते. नाहीतरी माझा आवाज दुसऱ्यांदा ऐकायची हौस कुणाला असणार!

मग मी म्हटलं, की हे म्हणणं याच खोलीत वाचलं गेलं आणि त्याचं उत्तर राहिलंय. वाचणारी माझी बहीण आहे. ज्यांनी वाक्य आणलं त्यांनी ते ग्रंथात दाखवावं, ज्यांची उत्तराची पाळी होती त्यांनी ते द्यावं. या चर्चेची रीत आहे. आणि मी गप्प बसलो.

छोटी, मी जन्मभर शांतता भरून काढायचंच काम केलं. सभेत वक्ता अडखळला की लगेच कर्ण्यावर काहीतरी लावायचं. काल काही लावलं नाही. तिघांचे माईक माझ्या बोटांखाली होते, एकही बंद केला नाही. कागदाची चुळबुळ, घशाची खाकर, सरांच्या चष्म्याची काडी टेबलावर टेकल्याचा आवाज, सगळं लोकांपर्यंत जाऊ दिलं. पांढरा सदरा कोटाकडे बघत होता, कोट सरांकडे, सर घड्याळाकडे. शेवटी सरांनी हात लांब करून वायरच उपटली. वायर माझी होती, त्यामुळे बरोबर कुठली उपटायची ते त्यांना कळलं नाही आणि आणखी जरा वेळ गेला.

नंतर जिन्यात पांढरा सदरा माझ्यामागून आला. हळूच म्हणाला, की ते वाक्य त्याला कुणीतरी पाठवलं होतं, ग्रंथ त्याने उघडलाच नव्हता. मी विचारलं, की हे वर माईकपुढे का नाही बोललात? त्याने इकडेतिकडे बघितलं आणि हे मी कुणाला सांगू नये अशी विनंती केली. मी तुला सांगितलं. आणखीही सांगणार आहे.

आता खरं सांगतो. संध्याकाळपासून फोन वाजतोय. वहिनीने एक घेतला, पलीकडून कुणीतरी आमच्या दारावरची पाटी वाचून दाखवली, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत, आणि ठेवून दिला. सभागृहाचं काम आज सकाळी गेलं, कारण दिलं नाही. मी दाराला दुसरी कडी लावली. मला भीती वाटते गं. उंच खांबावर कधी वाटली नाही तेवढी वाटते. तू इतके दिवस कशात राहत होतीस ते आज कळलं.

तू बोलायला लाग एवढंच आता पाहिजे. बाकीचं बघू.

तुझ्याच पंगतीत बसलेला,
दादा


२८ मार्च

ती. दादास,

सा. न. वि. वि. ऐकलं. दुकानातच ऐकलं, पप्पांनी फोन काउंटरवर मधोमध ठेवला होता. हे दारात उभे होते, कुणी येतंय का बघत. तुझी ती शांतता सुरू झाली तेव्हा पप्पांच्या हातात कुणाचीतरी काच होती, ती त्यांनी खाली ठेवली. वायर उपटल्यावर त्यांनी ती काच परत उचलली. मग म्हणाले, की तुझा भाऊ फार मोठ्याने गप्प बसला.

तुझा राग आला, अजून आहे. वहिनीला एकटं ठेवू नकोस. इकडे या म्हणायची सोय नाही, आणि तिकडे यायचीही आता राहिली नाही, हे तुला कळतंय ना? बहीणभाऊ दोघंही एकाच घरात सापडायला नकोत, असं यांचं म्हणणं. आम्ही इथेच आहोत. पाटी मी परत लावली. खिळ्याचं जुनं भोक सैल झालं होतं, दुसरं पाडावं लागलं.

आणि तो माणूस काल परत आला.

मी एकटी होते. पप्पा मागे, हे बाहेर. तो सरळ आत जाऊन तपासणीच्या खुर्चीत बसला. मला ओरडता आलं असतं. त्याऐवजी मी आत गेले, त्याच्या नाकावर चौकट चढवली, दिवा मालवला आणि तक्त्यापाशी जाऊन उभी राहिले. पट्टी पहिल्या ओळीवर ठेवली. त्याने तोंड उघडायच्या आत मी बोलले. इतक्या दिवसांनी बोलले, आवाज भोंग्यासारखाच निघाला, पप्पा धावत आले. मी त्याला सांगितलं, की समोर लिहिलंय तेवढंच वाचा.

तो थांबला. पप्पा दारात थांबले. मग, का ते मला माहीत नाही, त्याने वाचायला सुरुवात केली. पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली, तिसरीत अडखळला, चौथीत त्याने अक्षरं मनाची सांगितली. मी त्याला सांगितलं, की हे लिहिलेलं नाही, पुन्हा वाचा. त्याला दिसतच नव्हतं, दादा. मागच्या वेळी छान दिसतंय म्हणाला होता, तेव्हाही दिसत नव्हतं.

पप्पांनी पुढे होऊन काचा बदलल्या, एकेक करून, नेहमीसारख्या, घाई न करता. चौथी ओळ त्याने बरोबर वाचली. एकदाच, हळू आवाजात. मग पप्पांनी नंबर लिहून घेतला आणि तो काउंटरवर चष्म्याचे आगाऊ पैसे ठेवून गेला.

चष्मा सोमवारी तयार होईल. तो न्यायला येईल. एकटा येईल की चार जणांना घेऊन, माहीत नाही. हे म्हणताहेत दुकान बंद ठेवू. पप्पा काचा घासायला बसलेत. मला झोप नाही. पण नंबर बरोबर काढलाय.

फोन सुरू केला आहे. कर. मी बोलेन.

तुझी,
भोंगा